ओला कचरा आवारातच जिरवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी मार्चमध्ये एक नोटीस लागली. १ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू होणार, कचरा चार प्रकारांत वेगळा करायचा आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असा तिचा मजकूर होता. त्या आठवड्यात जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी कितीतरी जणांनी मला थांबवून विचारलं, "म्हणजे आता कचऱ्याची गाडी येणार नाही का?" बी विंगमधल्या एक काकू खरोखर काळजीत होत्या. जिरवायचा म्हणजे पुरायचा का, आणि पुरायचा तर कुठे, खाली तर सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत!

पुण्यातल्या आमच्या या आवारात आम्ही चार-पाच जणी गेली काही वर्षं ओल्या कचऱ्याचं काम करतो. आम्ही कमिटीवर नाही आणि याचे पैसेही घेत नाही. काकूंचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. 'जिरवा' हा शब्द सगळे वापरतात, पण आत काय घडतं ते कुणी सांगत नाही. ते कळलं नाही की पहिल्या दुर्गंधीला माणूस माघार घेतो.

नियम काय सांगतो

२०१६ च्या नियमांत कचऱ्याचे तीन प्रकार होते, आता चार झाले. ओला म्हणजे स्वयंपाकघरातला आणि बागेतला कुजणारा. सुका म्हणजे कागद, प्लास्टिक, काच, पत्रा. तिसरा सॅनिटरी, म्हणजे पॅड आणि डायपर. चौथा विशेष काळजीचा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, मुदत संपलेली औषधं वगैरे.

हे वेगळं करणं प्रत्येक घराला लागू आहे. त्यापुढची जबाबदारी मोठ्या आवारांवर आहे. ज्यांचं बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त आहे, किंवा रोजचा पाणीवापर ४०,००० लिटर आहे, किंवा रोजचा कचरा १०० किलो आहे, अशांनी ओला कचरा शक्य तिथवर जागीच जिरवायचा. तिन्हींपैकी एक अट लागू झाली तरी पुरते. तुमची इमारत लहान असेल तर या नियमांत जागेवर जिरवायची सक्ती नाही. पण लहान इमारतीत हे काम जास्त सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं मुळात नागरिकांनीच ओढून आणलं आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून २००० साली देशाला घनकचऱ्याचे पहिले नियम मिळाले. त्याच सुमारास मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी गल्लीचा कचरा स्वतः हातात घेतला आणि महापालिकेने पुढे तोच नमुना 'ए. एल. एम.' (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे रहिवाशांनीच आपली गल्ली सांभाळणं) म्हणून शहरभर नेला.

सगळा एकत्र टाकला तर बिघडतं काय?

भेंडीची भाजी डब्यात राहिली आणि डबा चार दिवसांनी उघडला, तर झाकण फस्सकन उडतं आणि वास डोक्यात जातो. बंद डब्यात हवा नसते. हवेशिवाय जगणारे जीवाणू तिथे भाजी खातात आणि वायू सोडतात. आता असा डबा पाच मजली इमारतीएवढा आहे असं समजा. तो म्हणजे कचरा डेपो. वरचा थर खालच्याला दाबतो, प्लास्टिकच्या पिशव्या हवा अडवतात आणि आतली सालं, भात, पोळ्या वर्षानुवर्षं बिनहवेचं कुजत राहतात.

त्यातून मिथेन निघतो. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डेपो पेटला तेव्हा मुंबईवर दिवसचे दिवस धूर होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. ढिगातून काळं, जहाल पाणी पाझरतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी ते भोगलं आहे. पुण्याचा कचरा तिथे वर्षानुवर्षं उघड्यावर पडला, विहिरींचं पाणी वापरण्याजोगं राहिलं नाही, माणसं रस्त्यावर उतरली, गाड्या अडवल्या. कोथरूडच्या ओट्यावरची दुधी भोपळ्याची सालं त्या विहिरींपर्यंत पोचली होती. ही गोष्ट मला कळली तेव्हापासून मी एकही साल निष्काळजीपणे टाकू शकलेले नाही.

तिसरी गोष्ट हातांची. पुण्यात बहुतेक ठिकाणी कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात. सुका माल विकून मिळणारा पैसा त्यांचा असतो. दुधाची पिशवी धुऊन कोरडी दिली तर तिला भाव येतो. तीच पिशवी आमटी-भातात लडबडली की भंगारवाला घेत नाही. आमच्या ताईंनी एकदा मला ढकलगाडीपाशी बोलावून पुठ्ठ्याचा एक खोका दाखवला. चांगला जाड, नवा खोका, पण त्यात कुणीतरी खरकटं ओतलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, हा सकाळी कोरडा होता बघा."

मग जिरतो म्हणजे काय होतं?

कुजणं दोन प्रकारचं असतं: हवेशिवायचं आणि हवेतलं. डब्यातल्या भेंडीचं पहिलं. जंगलात पडलेल्या पानांचं दुसरं. तिथे इतकी पानं पडतात तरी दुर्गंधी येत नाही, पावसानंतरच्या मातीचा वास येतो. आपल्याला आवारात हेच दुसरं कुजणं घडवायचं आहे. खत करणं म्हणजे एवढंच.

त्याला एका मंद चुलीसारखं समजा. चुलीला लाकूड लागतं, हवा लागते आणि लाकूड फार ओलं असून चालत नाही. ढिगातही तसंच. फरक इतकाच की इथे आगीऐवजी जीवाणू आणि बुरशी ते 'जाळतात'. खताच्या मोठ्या टाकीत ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंशांपर्यंत ऊब चढते. पावसाळ्यात सकाळी टाकी उकरली तर वाफ निघताना दिसते. त्या उष्णतेने रोगजंतू मरतात, भाज्यांच्या बियाही बहुतेक मरतात. घरच्या छोट्या बादलीत एवढी ऊब धरत नाही, म्हणून बादलीच्या खतातून टोमॅटोची रोपं उगवतात. उगवू द्या.

जीवाणूंचं जेवण आपल्यासारखंच असतं. आपल्याला भात लागतो आणि वरण लागतं. नुसतं वरण पिऊन राहता येत नाही. त्यांना कर्ब (कार्बन) हा भात आणि नत्र (नायट्रोजन) हे वरण. स्वयंपाकघरातला कचरा, म्हणजे सालं, चहाचा चोथा, खरकटं, यांत नत्र भरपूर. वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्यांचा चुरा यांत कर्ब भरपूर. वजनाने २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की काम उत्तम चालतं. हे घरी कुणी मोजत बसत नाही. एक बादली ओला कचरा पडला की त्यावर एक बादली चुरडलेली वाळकी पानं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

ओलाव्याची परीक्षा हाताने करायची. मधलं मूठभर मिश्रण घ्या आणि लाडू वळतो तसं दाबा. लाडू वळला आणि बोटांमध्ये एखादाच थेंब आला, तर उत्तम. पाणी ओघळलं तर पानं घाला. लाडू फुटला तर पाणी शिंपडा.

सुरुवातीला विरजण लागतं. दुकानात ते 'कल्चर' म्हणून मिळतं. ते नसलं तर शेणकाला किंवा आंबट ताक चालतं, आणि कुणाच्या तरी जुन्या खताची दोन ओंजळी मिळाल्या तर त्याहून चांगलं काही नाही. दही लावताना शेजारून वाटीभर विरजण आणतो, तसंच.

आणि हवा. इथे आपल्या मातीतल्या एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांनी विटांची टाकी बांधताना भिंतीत मुद्दाम भोकं ठेवली. त्यामुळे हवा चारी बाजूंनी आत शिरते आणि ढीग सारखा उलथवावा लागत नाही. त्यांच्या नावातली अक्षरं घेऊन या टाकीला 'नाडेप' म्हणतात. मूळ माप १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. शेतासाठी केलेली ही रचना आज देशभर सोसायट्यांच्या मागच्या अंगणात लहान आकारात दिसते. गॅलरीतल्या भोकांच्या बादलीचंही तत्त्व तेच.

पण वास येणारच ना?

नीट चालू असेल तर येत नाही. आला तर तो निरोप असतो, आणि तो वाचता येतो.

आमची पहिली टाकी पहिल्याच जुलैत बिघडली. वरचा पत्रा एका कोपऱ्यात उचलला गेला होता, पागोळीचं पाणी रात्रभर आत गेलं. तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास पहिल्या मजल्यापर्यंत पोचला आणि संध्याकाळी ग्रुपवर सतरा मेसेज. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा संपली, बिनहवेचे जीवाणू जागे झाले. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा ढीग फावड्याने बाहेर काढला, वाळक्या पानांची तीन पोती मिसळली, पुन्हा हलक्या हाताने भरला. दोन दिवसांत वास गेला. पण त्या दोन दिवसांत टाकी कायमची बंद करण्याची मागणी झाली होती आणि ती जवळजवळ मंजूरही होत आली होती.

दुसरा वास नाकाला झोंबणारा, अमोनियाचा. वरण जास्त झालं, भात कमी पडला, असा त्याचा अर्थ. उपाय पुन्हा पानंच.

अळ्यांची तक्रारही येते. फळांची बारीक चिलटं आली तर ओला कचरा उघडा राहिला आहे, पानांनी झाका. करड्या, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. दिसायला किळसवाण्या आहेत, मलाही पहिल्यांदा कसंतरी झालं होतं. पण त्या कचरा फार वेगाने खातात, आणि त्यांची माशी घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. टाकीला झाकण ठेवा आणि त्यांना त्यांचं काम करू द्या.

काय घालू नये ते थोडक्यात: करवंट्या, हाडं, खूप तेलकट खरकटं, आणि सुरुवातीच्या दिवसांत मासे-मटण. आंब्याच्या कोयी चालतात पण लवकर कुजत नाहीत.

मशीन घेतलं की प्रश्न मिटला?

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. आमच्याकडेही एक वीजेवर चालणारं मशीन आलं होतं. '२४ तासांत खत' असं सांगून विकलेलं. दुसऱ्या दिवशी त्यातून तपकिरी, कोरडी, भाजक्या वासाची पूड निघायची. आम्ही आनंदाने ती कुंड्यांत घातली, पाणी घातलं आणि आठवड्यात बुरशीचा पांढरा थर आला, काही रोपं गेली. ते खत नव्हतंच. ते वाळवलेलं अन्न होतं. पाणी लागताच कुजणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तेही रोपाच्या मुळाशी.

कचरा बारीक करून त्यात भुसा मिसळणारी यंत्रं कामाची असतात, मोठ्या आवाराला त्यांनी बरीच मदत होते. पण त्यांच्यातून निघालेला मालही पुढे काही दिवस क्रेटमध्ये पिकू द्यावा लागतो. जीवाणूंच्या वाटचा वेळ कुठलंही बटण वाचवत नाही. विकायला आलेल्या माणसाला एकच विचारा: "हे ओलं करून आठ दिवस झाकून ठेवलं तर वास येईल का?"

आम्ही कर भरतो, मग हे आमच्या गळ्यात का?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. कचऱ्याची व्यवस्था हे महापालिकेचंच काम आहे आणि ते तिने केलंच पाहिजे. स्वयंसेवकांनी त्याला पांघरूण घालू नये.

तरीही, महापालिका कितीही चांगली असली तरी आपल्या ओट्यावर येऊन साल आणि पिशवी वेगळी करू शकत नाही. एकदा मिसळलेलं वेगळं करणं म्हणजे सांडलेल्या साबुदाण्यातून मीठ वेचणं. शिवाय ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं. आपण रोज डिझेल जाळून पाणी शहराबाहेर नेतो आणि दुसऱ्याच्या गावात ओततो. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याचा प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देते. अर्ज करा, आणि प्रकल्प खरोखर चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. टाकी हलवणं, चाळणं, पोती भरणं हे कष्टाचं काम आहे. ते कचरा नेणाऱ्या ताईंकडून करून घेत असाल तर त्याचे वेगळे पैसे दर महिन्याला द्या. 'पर्यावरणासाठी' म्हणून गरिबाच्या अंगावर फुकटची मजुरी टाकायची नाही.

एका घराने काय फरक पडतो?

चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा होतो. साठ घरांचे झाले ३० ते ४५ किलो. वर्षाचे ११ ते १६ टन. एवढा माल आवाराच्या फाटकाबाहेर जात नाही. एका घराचा फरक खरंच थोडा आहे, पण साठ घरं कधीच एकदम सुरू होत नाहीत. ती एकामागून एक होतात, आणि पहिल्या घराशिवाय दुसरं होत नाही.

मग स्वयंसेवक नेमकं काय करतो?

मला वाटायचं, माहिती दिली की लोक वागतील. आम्ही पोस्टर लावली, पत्रकं वाटली, प्रोजेक्टरवर चित्रं दाखवली. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी ओल्या बादलीत बिस्किटांचे पुडे तसेच.

फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. आम्ही महिनाभर पाळीपाळीने सकाळी सात ते साडेआठ बादल्यांपाशी उभ्या राहिलो. बोलायचं फार नाही. कुणी आलं की फक्त बादलीत बघायचं आणि चुकलेली वस्तू उचलून योग्य जागी टाकायची, त्यांच्यासमोर. यादी लावायची नाही, दंडाची भाषा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून लोक यायच्या आधीच स्वतःच्या बादलीत डोकावू लागले.

आणि तिथे उभं राहिल्यावर कळलं की आम्ही पत्रकं चुकीच्या माणसांना वाटत होतो. अर्ध्या घरांत कचरा वेगळा करतात त्या घरकामाच्या मावशी. भांडी त्या घासतात, खरकटं त्या काढतात, बादली खाली त्या आणतात. त्यांना कुणी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. घरमालकांची सभा झाली होती, मावशींची नाही. मग आम्ही दुपारी तीनला, त्यांच्या सोयीच्या वेळी, पार्किंगमध्ये चहा ठेवला. पंधरा मिनिटं पुरली. एका मावशींनी तिथेच सांगितलं की ओट्यावर एकच डबा असेल तर उभ्या-उभ्या वेगळं करणार कसं, दोन डबे द्या. पुढच्या आठवड्यात ज्या घरांनी दोन डबे ठेवले, त्यांचा कचरा सुधारला. इतकं सरळ होतं ते, आणि आम्हाला वर्षभर सुचलं नव्हतं.

सॅनिटरी कचऱ्याचंही असंच. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही पुण्यातल्या ताईंच्या मागणीतून रुजलेली पद्धत. ते पाकीट मग उघडून बघावं लागत नाही. हे बायकांनी बायकांना, दारात उभं राहून सांगितलं तेव्हाच पटलं.

म्हणून नवीन सुरू करणाऱ्यांना मी सांगते, अख्खी सोसायटी धरू नका. एक विंग धरा, किंवा एक मजला. आणि पहिले चाळीस दिवस गावाला जाऊ नका. टाकी बिघडते ती याच दिवसांत, आणि तेव्हा फावडं घेऊन उतरणारं कुणी असलं तर ती टिकते.

पानं आत्ताच गोळा करा

शेवटची सूचना घाईची आहे. फेब्रुवारी ते एप्रिल पुण्यात पानगळ असते. पर्जन्यवृक्ष, पिंपळ, बदाम यांच्या पानांचे ढीग रस्त्याकडेला लागतात आणि बरेच जण त्यांना काडी लावतात. उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानुसार ५,००० रुपये दंड आहे. पण दंडाहून मोठं नुकसान असं की जुलैत वासावर जो एकमेव उपाय असतो, तोच आपण मार्चमध्ये जाळून टाकतो. पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही.

तुमच्याकडे झाडं नसतील तर 'ब्राऊन लीफ' हा पुण्यातला उपक्रम पानं नकोशी झालेल्यांना आणि पानं हवी असलेल्यांना एकमेकांशी जोडून देतो. जवळच्या रसवंतीगृहात उसाची चिपाडं मिळतात, तीही उन्हात वाळवून चालतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यात लवकर मुरतात. आंब्याची जाड पानं पायाखाली चुरडून घ्या.

साठ घरांच्या टाकीला पावसाळाभर किती पोती लागतील ते पहिल्या वर्षी आम्हाला कळलं नव्हतं, सप्टेंबर यायच्या आतच संपली. यंदा जिन्याखालची सगळी जागा भरली आहे. पोत्यांची तोंडं बांधून, खाली विटा घालून, ओल लागणार नाही अशी रचली आहेत. रविवारी सकाळी आठला आम्ही पुन्हा मागच्या गल्लीत झाडायला जातोय. ज्यांना यायचंय त्यांनी खराटा आणा, पोती आमच्याकडे आहेत.